खोडीच्या आधीचं बघ, बाय

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, तो एक पोरगा नसता ना, तर माझ्या अंगणवाडीत काही त्रासच नाही." हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय, की आज त्यावरच बोलू या. अगं, तो पोरगा मामाकडे गेला आणि आठ दिवस आला नाही, तर दुसरं कोणीतरी मारायला लागतं. कालपर्यंत गप्प बसणारी पोरगी ढकलायला लागते. बघच तू. खोडीची वेळ आणि खोडीची जागा आपल्या वर्गात आधीपासून तयार असते. पोर फक्त तिथे जाऊन उभं राहतं.

त्याने मारलं की मी काय करू, असं तू विचारतेस. तेही सांगते. पण आधी तू मला सांग, तो मारतो कधी? "दिवसभर" असं म्हणू नकोस. दिवसभर कुठलंच पोर मारत नाही. आपल्याला तो दिवसभर मारतोय असं वाटतं, कारण एकदा मारल्यावर आपला जीव दिवसभर त्याच्यातच अडकून राहतो.

एक वही कर. तुला रजिस्टरं आधीच पुष्कळ आहेत, वर पोषण ट्रॅकरचा मोबाईल आहे, हे मला ठाऊक आहे. ही वही मुख्यसेविका तपासणार नाहीत, ती तुझ्यासाठी आहे. तिच्यात एवढंच लिहायचं: आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, आणि त्यानंतर तू, मदतनीस आणि बाकीच्या पोरांनी काय केलं. बाजूला वेळ टाक. "मस्ती केली" असं लिहिलंस तर त्यातून काही कळणार नाही. असं लिही: "खिचडीचं पातेलं आलं, सगळी उठली, हा मागे राहिला, पुढच्या पोरीचे केस ओढले, मदतनीसने उचलून पुढे आणून बसवला." आता हे वाच. केस ओढले की पुढची जागा मिळते, हे त्याला कोणी शिकवलं? चार वर्षांचं पोर आहे, पण त्याचा हिशेब बरोबर आहे. उद्या पातेलं आल्यावर पुन्हा केस ओढणार. मग तुझं काम काय? पातेलं येण्याच्या आधी त्याला जवळ बोलवायचं आणि ताटल्या मांडायला लावायचं. केस ओढायची वेळच त्याच्यावर येऊ द्यायची नाही.

आणि आपण किनाऱ्यावरचे लोक आहोत, म्हणून वहीत तारखेशेजारी आणखी एक गोष्ट टाक: होड्या गेल्यात की बंदराला आहेत. विचित्र वाटेल, पण आपल्याकडच्या पोरांचं वागणं यातून जेवढं उलगडतं तेवढं दुसऱ्या कशातून उलगडत नाही.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ते दोन महिने बाप घरी असतो. जाळी दुरुस्त करत बसतो, पोर त्याच्या मांडीवर लोळतं, सकाळी खांद्यावर बसून अंगणवाडीत येतं. मग ऑगस्ट लागतो, नारळी पौर्णिमेच्या आसपास होड्या सुटतात आणि मोठ्या बोटीवर असलेला बाप एकदम आठ-आठ दिवस दिसेनासा होतो. आईही पहाटेच बंदरावर जाते, लिलावातून पाटी भरून घेते आणि मिनीडोर पकडून अलिबागच्या नाहीतर रेवदंड्याच्या बाजाराला निघते. पोर उठतं तेव्हा घरात फक्त आजी असते. त्या पंधरवड्यात कोळीवाड्यातल्या कुठल्याही अंगणवाडीत जाऊन बघ, चावणं, ढकलणं, चड्डीत शू होणं, दारात रडून गोंधळ घालणं, सगळं एकदम वाढलेलं असतं. सेविकेला वाटतं, पोरं बिघडली. पोरं बिघडलेली नसतात, त्यांच्या घरातलं एक माणूस समुद्रावर गेलेलं असतं.

मुरूडच्या बाजूला एका वाडीत मी एक पोरगा बघितला होता. दुसऱ्याने ठोकळ्यांचा मनोरा रचेपर्यंत तो शांत उभा राहायचा आणि शेवटचा ठोकळा चढला की लाथ मारायचा. सेविका त्याला रोज कोपऱ्यात बसवायची. मी सकाळभर त्याच्याकडे बघत बसले. लाथ मारल्यावर तो बाईंकडे बघत नव्हता, रडणाऱ्या पोराकडेही नाही. तो दाराकडे बघत होता. त्या दारातून बंदरावर जाणारी वाट दिसायची. म्हणून आजीला विचारलं. बाप मोठ्या बोटीवर खलाशी, पौर्णिमेला गेलेला. आणि जाताना पोराला रडू येईल म्हणून, तो झोपेत असतानाच निघून गेलेला.

त्या सेविकेने पुढे जे केलं ते मला फार आवडलं. तिने भिंतीवर खडूने एक होडी काढली, खाली एक सुपली ठेवली. रोज सकाळी आला की त्याने एक शिंपला सुपलीत टाकायचा आणि बाईंना सांगायचं, "बाबा बोटीवर हाय." एवढंच. बाबा कधी येणार हे तिने सांगितलं नाही, कारण ते तिला तरी कुठे माहीत होतं! वारा फिरला की बोटी लांबतात. खोटं बोलून त्याची समजूत काढायची नाही, एवढं तिने पाळलं. पण बापाचं नाव वर्गात रोज घेतलं जायला लागलं. आणि मनोरे रचायच्या वेळी ती त्याला आपल्या शेजारी सुतळी घेऊन बसवायची, कारण गाठी मारण्यात त्या एवढ्याशा बोटांना आपल्यापेक्षा जास्त गती होती. लाथा थांबल्या का? लगेच नाही. आणखी कितीतरी मनोरे पडले. पण दाराकडे बघणं आधी कमी झालं, आणि मग लाथाही. बाप आला त्या दिवशी त्याने सुपली उचलून त्याच्या पायाशी ओतली, ते मी स्वतः बघितलं नाही, तिने सांगितलं.

वाऱ्याचंही तसंच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा घरांचे पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्यानंतर कोरोनामुळे अंगणवाड्या बंदच होत्या. त्या उघडल्या तेव्हा काही पोरं जोराचा पाऊस आला की कानावर हात ठेवून ओरडायची, काही दार उघडून पळायची. "भित्रं" म्हणून त्यांना चिडवणं किती सोपं होतं! ज्या सेविकांनी पावसाच्या वेळी पोरांना भिंतीपासून आत घेतलं, मध्ये गोल करून बसवलं, मोठ्याने गाणं धरलं, त्यांच्याकडची पोरं लवकर निवळली. आजही पत्रा वाजला की पोरं सैरभैर होतात. तुझ्याकडे ढगाळलेल्या दिवशी मारामाऱ्या वाढतात का, तेही वहीत बघ.

आता वर्गाकडे वळते. घरातलं आपल्या हातात नसतं, वर्गातलं असतं. तुझ्या वर्गात सगळ्यात जास्त भांडणं रांगेत होत असणार. हात धुवायची रांग, खाऊची रांग, वजनाची रांग. तीन वर्षांच्या पोराला रांगेत उभं केलंस, की त्याच्या समोर एक पाठ असते, मागे एक धक्का असतो आणि हाताला काही काम नसतं. मग ते हात काय करणार? मदतनीसने पाच-पाच पोरं हात धुवायला न्यायची, बाकीची तुझ्याभोवती बडबडगीत म्हणत राहतील. काम तेवढंच, वेळ तेवढाच, धक्काबुक्की बरीच कमी. वजनाच्या दिवशी तर सगळी एकदम बोलवूच नकोस.

आणि बसवणं कमी कर. पालकांना वाटतं, पोरं गप्प बसून एबीसीडी म्हणतात म्हणजे शाळा चांगली. शेजारी इंग्रजी नर्सरी निघाली की आपल्यालाही तसंच करावंसं वाटतं. अगं, चार वर्षांचं पोर सतरंजीवर आठ-दहा मिनिटं बसलं तरी पुष्कळ. त्यापुढे ते चुळबुळ करतं, मग शेजाऱ्याला कोपराने ढोसतं, मग आपण ओरडतो. इथे खोडी पोराची नाही, वेळापत्रकाची आहे. बसायचं थोडं, उठायचं लगेच, आणि हाताला काहीतरी. सरकारी खेळण्यांची पेटी यायची वाट बघू नकोस. आपल्याकडे वाळू आहे, नारळाच्या करवंट्या आहेत, सुरूच्या बनात फळं पडलेली असतात, मोठे शिंपले आहेत. बारीक शिंपले आणि खडे मात्र नकोत, नाकाकानात जातात. एकाच प्रकारच्या चार-पाच वस्तू ठेव. वीस पोरांत एकच चेंडू दिलास, तर भांडण तूच वाटलंस.

हे सगळं करूनही मारामारी होणारच. मग त्या क्षणी काय करायचं, ते नीट ऐक.

पहिल्यांदा मार खाल्लेल्याकडे जा. मारणाऱ्याकडे नाही. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. मारणाऱ्याला आपण बघतो, ओरडतो, उचलतो, त्याच्याशी बोलतो, आणि रडणारा तसाच बसलेला असतो. म्हणजे बाईंचं सगळं लक्ष हवं असेल तर मारावं लागतं! रडणाऱ्याला जवळ घे, लागलंय का बघ, पाणी दे. दुसऱ्या हाताने मारणाऱ्याचा हात धर, घट्ट पण दुखणार नाही असा. खाली बस, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ये आणि चारच शब्द बोल: "मी मारू देणार नाही." मग त्याला काय हवं होतं ते तू सांग: "तुला डंपर हवा होता. 'मला दे' म्हण." त्याच्या तोंडात शब्द ठेव. खूप पोरं मारतात कारण तेवढ्या वेळात त्यांना शब्द सापडत नाही. चावणारी तर बहुतेक त्यातलीच असतात. "चावून बघ कसं दुखतं ते" म्हणत त्यालाच चावून दाखवणाऱ्या बाया मी बघितल्यात. त्यातून पोर एवढंच शिकतं की मोठी माणसंही चावतात.

सॉरी वदवून घेऊ नकोस. ओठांनी सॉरी म्हणून डोळ्यांनी पुढची खोडी शोधणारी पोरं आपण तयार केलीत. त्यापेक्षा काहीतरी करायला लाव: पडलेला मनोरा मिळून उभा करू दे, रडणाऱ्याला पाण्याचा पेला आणून देऊ दे. नाही म्हणाला तर त्या वेळी सोड, थोड्या वेळाने पुन्हा सांग.

अंग टाकून लोळणाऱ्या पोराचं वेगळं. त्या वेळी त्याला समजावू नकोस, त्याला काही ऐकूच येत नसतं. गुंतलेल्या जाळ्याची गाठ ओढली की आणखी आवळते, तसं आपल्या आवाजाने ते जास्त पेटतं. डोकं आपटणार नाही एवढी जागा मोकळी कर, बाकीच्यांना मदतनीसकडे दे, आणि तू जवळ बसून राहा. बोलायचंच असेल तर हळू, "मी इथेच आहे." अंग सैल पडलं की तोंड पूस, पाणी दे आणि हाताला एखादं सोपं काम दे. दुपारी आई न्यायला आल्यावर सगळ्यांसमोर ती कथा सांगू नकोस. त्याच्यापुरतं ते संपलेलं असतं.

ज्या गोष्टी कधीच करायच्या नाहीत त्या तुला माहीत आहेत. मारणं, अंधाऱ्या खोलीत ठेवणं, खाऊ न देणं. कायदाही आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला मारणं, छळणं हा गुन्हा आहे. पण मला धमक्यांबद्दल जास्त बोलायचंय, कारण त्या आपल्या तोंडून सहज निघतात. "मस्ती केलीस तर सिस्टरला सांगून सुई टोचायला लावीन." आणि महिन्याने त्याच अंगणवाडीत त्याच सिस्टर लसीकरणाला आल्या, की पोरं घरांत, माळ्यावर, माडांच्या मागे दडून बसतात आणि आपण त्यांना शोधत फिरतो. दुसरी धमकी आपल्या कोळीवाड्यातली, "तुझ्या बाबाला बोटीवरून येऊच देणार नाय." ही तर कुणाच्याही तोंडून ऐकलीस तर तिथल्या तिथे थांबव, मदतनीस असो की आजी. ज्या घरातून माणूस समुद्रावर जातं, त्या घरातल्या पोराला याच्याइतकं भयंकर दुसरं काही वाटत नाही.

शिव्यांचं तू विचारलंस. बंदरावर वाढलेलं पोर शिव्या घेऊनच येणार. तिथे जाळं ओढताना, लिलावात, एकमेकांना हाक मारताना त्या चालतात, कुणाला वाईट वाटत नाही. त्याला अर्थ ठाऊक नसतो, एवढंच ठाऊक असतं की हा शब्द टाकला की मोठी माणसं वळून बघतात. म्हणून वळून बघू नकोस, हसू तर मुळीच नकोस. मदतनीस तोंडाला पदर लावून हसली की पोर तो शब्द आठवडाभर म्हणत राहतं. शांतपणे सांग, "इथे आपण 'चल हो बाजूला' म्हणतो." आणि तो तसं म्हणाला की लगेच बाजूला हो. दुसऱ्या शब्दानेही काम होतं, हे त्याला दिसू दे.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. त्याच्याकडे, तो काही करत नसताना जा. आपल्याला काय सवय असते? तो शांत बसलाय ना, मग नको त्याच्या वाटेला जायला. आपण त्याच्यापासून लांब राहतो आणि तो खोडी करून आपल्याला जवळ आणतो. सकाळी आल्या आल्या त्याचं नाव घेऊन बोल. काल काय जेवला, कुठला मासा, घरची कोंबडी बसली का. पाच मिनिटं पुरतात. दिवसात दोनदा, काही कारण नसताना त्याच्या शेजारी जाऊन बस. आणि "शहाणा", "गुणी बाळ" असं मोघम म्हणण्यापेक्षा त्याने काय केलं ते बोल: "तू करवंट्या टोपलीत ठेवल्यास." "तू तिची पाळी होईपर्यंत थांबलास." शहाणा असं रोज म्हटलं की ज्या दिवशी म्हटलं नाही त्या दिवशी पोर गोंधळतं. आणि "मारकुट्या", "वांड" ही नावं वर्गात चालू देऊ नकोस. पाचव्या वर्षी मिळालेलं नाव गावात लग्नापर्यंत टिकतं, हे आपण दोघींनी बघितलंय.

बक्षीस आणि शिक्षा, दोन्हींशिवाय पोरांना सांभाळता येतं, हे आपल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक पुढे तिथे त्यांना येऊन मिळाल्या. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. मग १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी आपल्यासारखंच किनाऱ्यावरचं गाव. तिथे त्यांच्यासमोर पहिला प्रश्न काय आला माहीत आहे? गरिबांची पोरं बालवाडीत येतच नव्हती. पोरांना आळशी, त्यांच्या आईबापांना अडाणी म्हणून त्या मोकळ्या झाल्या नाहीत. त्यांनी बालवाडीच उचलून त्या वस्तीतल्या अंगणात नेली. तू आज जिथे काम करतेस त्या नावाचं मूळ तिथलं. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथली वारली पोरं गुरं राखायला जायची, म्हणून बाई गुरांच्या मागे कुरणात गेल्या आणि कुरणशाळा भरली. मला या गोष्टीचं अजून नवल वाटतं. पोर आपल्या चौकटीत बसत नाही असं दिसल्यावर त्यांनी चौकट हलवली, आणि तीही पैसा-साधनं काही नसताना.

आपल्याकडे हे कुठे लागू पडतं, सांगते. तुझ्या अंगणवाडीला कातकरी वाडी जोडलेली आहे. ती माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. त्यांची पोरं जूनमध्ये येतात तेव्हा बसत नाहीत, दार दिसलं की पळतात, ताटलीवर झडप घालतात. भट्टीवर सहा महिने ती उघड्यावर राहिलेली असतात आणि हातातलं अन्न पटकन खावं लागतं हे शिकलेली असतात. पहिले पंधरा दिवस त्यांना बाहेर, ओट्यावर, झाडाखाली खेळव. "आणखी मिळेल" असं तोंडाने सांगू नकोस, दुसऱ्यांदा वाढून दाखव. सहा वर्षांची पोरगी कडेवर भाऊ घेऊन आली तर भावालाही आत घे. त्याला परत पाठवलंस, तर तीही जाईल. आणि भाषेकडे बघ. पोर कातकरी बोली बोलतं, आगरी बोलतं, कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तर ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. "हट्टी आहे, सांगितलेलं ऐकत नाही" असं जे आपण म्हणतो, त्यातलं बरंचसं न कळलेलं असतं. त्यांच्या आयांकडून दहा शब्द शिकून घे: ये, बस, पाणी, शू, दुखतं का, थांब. तुझ्या तोंडून त्यांची बोली ऐकली की पोराचा चेहरा कसा उजळतो ते बघ.

न कळलेलं तसं न ऐकू आलेलंही. हाक मारल्यावर वळत नाही, मागून बोललं की लक्ष देत नाही, टीव्हीच्या अगदी जवळ बसतं असं आई सांगते, कान वाहतो, अशा पोराला वांड म्हणण्याआधी त्याचा कान दाखव. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, त्यांच्यासमोर पोर नुसतं उभं करू नकोस, तुझी वही उघडून दाखव. कधी हाक मारली, कधी वळला नाही. डॉक्टरांना दोन मिनिटांत जे दिसणार नाही ते वहीत असतं. पुढे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जायची चिठ्ठी मिळाली, तर आईला एकटीला पाठवू नकोस, आशाताईंना बरोबर दे. दोन वर्षांचं होऊन गेलं तरी बोलत नाही, डोळ्यांत बघत नाही, तेच तेच करत राहतं, अशा पोरांबद्दलही गप्प बसू नकोस. "मोठं झाल्यावर सुधारेल" म्हणण्यात वर्षं जातात. आणि उपाशी पोर! आई पहाटे गेली, आजीने चहा आणि बटर दिला, अकरापर्यंत पोटात काही नाही. वहीत साडेदहा-अकराची वेळ वारंवार दिसली, तर त्याला खाऊ आधी दे. नियमाचं मी मुख्यसेविकांशी बोलीन.

पालक तुला म्हणतील, "बाई, चांगला मारा त्याला. आमचं ऐकतच नाय." ते प्रेमानेच म्हणतात. त्यांना व्याख्यान देऊ नकोस. "इथे न मारता ऐकतो तो, या एकदा बघायला" असं म्हण, आणि खरंच बोलव. बंदरावर, चारचौघीत पोराची तक्रार करू नकोस. भर लिलावात आईची मान खाली गेली, तर त्याचा राग रात्री पोराच्या पाठीवर निघतो. बोलायचं असेल तर घरी जा, दुपारी, मासळी आवरून झाली की. आधी त्याचं एक चांगलं सांग, खरंखुरं, तू स्वतः पाहिलेलं. मग विचार, "घरी काही बदललंय का?" आणि थांब. सुकट निवडता निवडता बाई हळूहळू बोलायला लागते. धाकटं जन्मलंय, सासरा पितो, नवऱ्याने बोट बदलली. उपाय तुझ्याकडे असेलच असं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते पोर दारात आल्यावर तू त्याला वेगळ्या डोळ्यांनी बघशील.

आणि तुझा राग. तो येणारच, वीस-पंचवीस पोरं, वर दुपारी माहिती भरायची घाई. मदतनीसशी आजच ठरवून ठेव: तुझा आवाज चढला की तिने "बाई, जरा चूल बघा" म्हणायचं आणि तू निमूट उठून जायचं. तिचा चढला तर तू तिला पाणी आणायला पाठवायचंस. कोणी कुणाला नंतर टोचून बोलायचं नाही. तिला मान दे, ती तुझ्याआधीपासून त्या गावात आहे, प्रत्येक पोराचं घर तिला ठाऊक आहे. तुझ्या वहीतलं अर्धं उत्तर तिच्याकडेच निघेल.

उद्यापासून त्या एकाच पोराचं लिही, सगळ्यांचं नको. पुढच्या भांगाला, म्हणजे भरतीचा जोर कमी असताना, होड्या बंदराला असतील, तेव्हा त्याचा बापही घरी असेल. त्या दोन-तीन दिवसांचं वेगळं लिही. रविवारी मी रेवदंड्याला येतेय, वही घेऊन ये. आणि मदतनीसलाही घेऊन ये, भाकरी मी टाकते.